राणीला तहान लागली होती

आज सिनेमा, मालिका आणि वयात येणाऱ्या मुलांची पुस्तकं यांबद्दल बोलायचं आहे. मी समीक्षक नाही, फौजेत आयुष्य घालवलेला साधा प्रेक्षक आहे. त्यामुळे शौर्याची कुठलीही गोष्ट समोर आली की मी एकच पाहतो: या नायकाला भीती वाटते का? तो थकतो का?

मी बोलतोय दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातून. दिल्ली हाटजवळची ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. इथल्या मुलांना राणी कोण होती हे विचारलं, तर घोडा, उगारलेली तलवार आणि पाठीला बांधलेलं मूल एवढं चित्र लगेच मिळतं. ते त्यांनी पडद्यावर पाहिलेलं असतं. २०१९ चं वर्ष आठवा. ११ जानेवारीला ‘उरी’ आला, २५ जानेवारीला ‘मणिकर्णिका’, आणि फेब्रुवारीत कलर्स वाहिनीवर राणीवरची मालिका सुरू झाली. दीड महिन्यात शौर्याचा केवढा मोठा खुराक!

‘उरी’ मला आवडला, हे आधी सांगतो. आजारी आईसाठी दिल्लीला बदली मागणारा अधिकारी त्यात आहे, आणि असे अधिकारी खरोखर असतात. कारवाईआधीची आखणीही नेटकी दाखवली आहे. पण एकदा सीमा ओलांडली की कुणाच्या पोटात गोळा येत नाही. प्रत्यक्षात गस्तीवर निघण्याआधीचा अर्धा तास वेगळा असतो. तोंडाला कोरड पडते. बांधलेल्या बुटाची नाडी जवान पुन्हा सोडून बांधतो. कुणी उगाच विनोद करतो, कुणी एकदम गप्प होतो. आणि मग सगळे निघतात. माझ्या मते शौर्य त्या ‘आणि मग’ मध्ये आहे. नेमकं तेच कापलं जातं.

‘मणिकर्णिका’ची अडचण याहून मोठी. तिथे नायिका पहिल्याच प्रवेशात वाघासमोर धनुष्य रोखून उभी. जी सुरुवातीलाच अजिंक्य आहे, तिचं पुढे काय पणाला लागणार?

आता हीच राणी एका मराठी माणसाने कशी पाहिली ते सांगतो. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचं कर्ज फिटावं म्हणून दक्षिणेच्या आशेने चुलत्यांबरोबर १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशी घेतली, तेव्हा ते शहरातच होते. त्यांचं ‘माझा प्रवास’ हे पुस्तक चिंतामण विनायक वैद्यांनी संपादित करून १९०७ मध्ये प्रसिद्ध केलं. गोडसे स्वतःची भीती लपवत नाहीत. शहरात कत्तल चालू असताना जीव मुठीत धरून कसे दडून बसलो, हे ते सरळ लिहितात.

आणि राणी? शहर पडल्यावर ती खचते. वाड्यातल्या दारूगोळ्याला आग लावून स्वतःला संपवावं, इथपर्यंत तिचा विचार जातो. एक वृद्ध माणूस तिची समजूत घालतो, आणि ती रात्री बाहेर पडते. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीजवळ गोडसे तिला पुन्हा पाहतात. पुरुषी वेष, अंगावर धूळ, तहानेने जीव कासावीस. ते पाणी काढायला पुढे होतात, आणि ती ओंजळीने पाणी पिते. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, जून १८५८ मध्ये, ग्वाल्हेरजवळ ती लढता लढता पडली.

गोडशांनी हे सगळं बऱ्याच वर्षांनी आठवून लिहिलं, तेव्हा तपशिलात इकडेतिकडे असेलही. पण ही दमलेली, तहानलेली बाई पुन्हा घोड्यावर बसते, हे वाचताना मला ती पडद्यावरच्या राणीपेक्षा फार मोठी वाटते.

२०२५ च्या ‘छावा’बद्दल बरेच जण विचारतात. विकी कौशलने जीव ओतला आहे, यात वाद नाही. पण थिएटरातून बाहेर पडताना माझ्या डोक्यात शेवटचा छळच उरला. संभाजी महाराजांनी मुघल, सिद्दी, पोर्तुगीज अशा आघाड्या एकाच कारकिर्दीत सांभाळल्या. त्यासाठी रसद, घरातली फितुरी, झोप न लागलेल्या रात्री, एवढं सगळं पेललं असणार. ते पाहायला मला जास्त आवडलं असतं.

मग मुलांना काय दाखवावं? अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ दाखवा. वडील गेलेले, आईची कोकणात बदली झालेली, आणि नव्या शाळेत एकटा पडलेला मुलगा. भर पावसात सोबती त्याला किल्ल्यावर सोडून जातात, तो प्रसंग पाहा. बदलीच्या नोकरीतल्या कुठल्याही घराला तो आपला वाटेल. वाचायला मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ द्या. आणीबाणीच्या दिवसांतला नववीतला मुलगा, आणि मनातलं बोलायची त्याची ती धडधड. इथे तलवार नाही, पण भीती खरी आहे.

हे मी एवढं लावून का धरतो, तेही सांगतो. सैन्यात जाऊ इच्छिणारी मुलं सल्ल्यासाठी भेटतात. त्यांतल्या एकाने निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या चाचणीला जाण्याआधी मला हळूच विचारलं, “सर, मला भीती वाटते. म्हणजे मी या कामाचा नाही का?” हा प्रश्न त्याला कुठून आला? पोस्टरवरचा एकही माणूस घाबरत नाही, तिथून. मी त्याला म्हटलं, “ज्याला भीती वाटत नाही, त्याच्या मागे मी माझी तुकडी पाठवणार नाही.” घाबरणारा माणूस नकाशा दोनदा पाहतो, पाण्याच्या बाटल्या मोजतो, आणि सगळ्यांना परत आणतो.

न घाबरणाऱ्या नायकांवर वाढलेली मुलं भीती लपवायला शिकतात. लपवलेली भीती ऐन वेळी दगा देते. म्हणून एवढंच सुचवतो. पुढचा सिनेमा मुलांबरोबर पाहा, आणि घरी येताना त्यांना विचारा, “यात कोण घाबरलं होतं?” उत्तर ‘कुणीच नाही’ असं आलं, तर त्यांना विहिरीजवळच्या त्या राणीची गोष्ट सांगा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.