सपाट वाट, सर्वांची वाट



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर ‘नदीकाठच्या सपाट वाटा’ हा विषय वाचून तो फारच सपाट आहे, असे काहींना वाटले असेल. तसे वाटणे स्वाभाविक आहे. आपण सह्याद्रीच्या सावलीत वाढलेली माणसे. भटकंती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर गड उभा राहतो, कडा उभा राहतो, घामाघूम होऊन माथा गाठल्यावर अंगावर येणारा वारा आठवतो. जिथे चढ नाही तिथे भटकंती नाही, अशी आपली एक पक्की समजूत होऊन बसली आहे. गडांविषयीची भक्ती आम्हांलाही आहे. ती कमी करण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, या समजुतीमुळे घराघरांतली कितीतरी माणसे भटकंतीच्या बाहेर राहिली, आणि ती बाहेर राहिली आहेत हे आपल्या ध्यानातही येत नाही.

ही माणसे कोण? गुडघ्यांनी जेरीस आलेली आजी, हृदयविकारातून नुकते उठलेले गृहस्थ, बाबागाडीतले मूल आणि ती गाडी ढकलणारी आई, अंध विद्यार्थी, कुबड्यांवर चालणारा तरुण, चाकांच्या खुर्चीतून कचेरी गाठणारी मुलगी. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातल्या होत्या. नुसत्या वयाने थकलेली माणसे या हिशेबात नाहीत. आणि आज धडधाकट असलेल्या आपणा प्रत्येकाला, आयुष्य लाभले तर, त्या थकलेल्यांच्या पंगतीत कधी ना कधी बसायचेच आहे. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा नव्हे, आपलाच आहे.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे नद्यांना काय तोटा? गोदावरी आहे, कृष्णा आहे, भीमा आहे. या नद्यांच्या काठी आपण शेकडो वर्षे जातच आहोत. खरे आहे. पण आपण जातो ते घाटावर. घाट म्हणजे पायऱ्या. घाट बांधणारे आपले पूर्वज मोठे जाणते होते. नदीचे पाणी पावसाळ्यात चढते, उन्हाळ्यात उतरते. ते कुठेही असो, माणसाच्या हाताशी एक पायरी असावी, ही त्यांची योजना. स्नानाला, संध्येला, धुण्याला याहून चांगली सोय नाही. पण पायऱ्या पाण्याकडे उतरतात. पाण्याच्या अंगाने चालत नाहीत. आपण नदीकडे जातो, नदीबरोबर जात नाही. आणि ज्याला पायरी उतरता येत नाही, त्याला नदी वरूनच पाहावी लागते, तीही वाहनांच्या गर्दीतून.

नदीबरोबर जाणारी वाट कशी असते, याचा एक नमुना इंग्लंडात आहे. थेम्स नदीच्या काठाने, तिच्या उगमापासून लंडनपर्यंत, सुमारे १८४ मैलांची पायवाट १९९६ मध्ये रीतसर खुली झाली. तिचा मोठा भाग सपाट आहे, आणि त्याला कारण आहे. पूर्वी मालाच्या नावा दोराने ओढत नेण्यासाठी घोडे काठावरून चालत. घोड्याला ओझे ओढायचे तर वाट सपाट आणि सलग हवी. नावांचा तो व्यापार संपला. घोड्यांची वाट माणसांच्या कामी आली. त्याच देशात सरोवरांच्या डोंगराळ प्रदेशातसुद्धा तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने काही वाटा निवडून, कुंपणे ओलांडण्याच्या शिड्यांचा अडथळा नसलेल्या अशा त्या केल्या आणि त्यांची यादी लोकांच्या हाती दिली. डोंगर हटवावे लागले नाहीत. अडथळा तेवढा काढावा लागला.

आपल्याकडे घोड्यांची वाट नाही. पण तिच्या तोडीची एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष नाही. ती म्हणजे कालव्याचा भराव. कालव्याचे पाणी पंपाने नव्हे, आपल्या वजनाने वाहते. त्यासाठी कालवा डोंगराला वळसे घालीत, समपातळीच्या रेषेने, अगदी नाममात्र उतार राखून खणलेला असतो. त्याच्या कडेने देखरेखीसाठी ठेवलेला रस्ताही अर्थात तितकाच सपाट. खडकवासल्याचा मुठा कालवा एकोणिसाव्या शतकातला, गोदावरीचे कालवे विसाव्या शतकाच्या आरंभीचे. इंजिनियरांनी पाण्यासाठी साधलेली ती पातळी चाकांच्या खुर्चीला आयती मिळू शकते. मात्र पाण्याच्या बाजूला भक्कम कठडा हवा आणि पाटबंधारे खात्याची संमती हवी. खोल वाहत्या कालव्याशी खेळ नको.

सपाट म्हणजे किती सपाट, हेही मोजून सांगितले पाहिजे, कारण धडधाकट माणसाला जी वाट सपाट वाटते ती चाकांना चढ वाटते. इमारतीच्या दाराशी उतरंड बांधायची तर बारा फूट लांबीला एक फुटाहून अधिक चढ नसावा, असा आपल्याकडे दंडक आहे. पण ती गोष्ट चार पावलांची झाली. लांबच्या वाटेला तो चढ दमवतो. अमेरिकेच्या सरकारी जमिनींवरील पायवाटांसाठी २०१३ साली जे नियम झाले, त्यांत विसाला एक यापेक्षा सौम्य उतार कितीही लांब चालेल असे मानले आहे. चढ वाढला की मध्ये विसाव्याची जागा द्यावी लागते. दुसरी गोष्ट आडव्या उताराची. पाणी निचरून जावे म्हणून वाट एका अंगाला किंचित कलती ठेवतात. हा कल जास्त झाला तर खुर्ची सारखी त्या अंगाला ओढ घेते, आणि तो कल नदीकडे असला तर काय होईल, हे सांगायला नको.

तिसरी गोष्ट मातीची. दख्खनच्या नद्यांचे काठ काळ्या मातीचे. ही माती शेतकऱ्याची लक्ष्मी, पण चालणाऱ्याची परीक्षा. पावसात ती फुगते आणि पायाला शेर-शेर चिकटते. उन्हाळ्यात आकसते आणि तिला काठी अडकेल अशा भेगा पडतात. म्हणून तिच्यावरची वाट थोडी उंच उचलावी, खाली दगडगोट्यांचा थर द्यावा, वर मुरूम पसरून पाणी मारून रूळ फिरवावा, बाजूने चर ठेवावा. चांगला दाबलेला मुरूम चाकाला पुरेसा कठीण असतो आणि गुडघ्याला सिमेंटपेक्षा सोयीचा. दर पावसाळ्यानंतर तो दुरुस्त करावा लागतो, हे खरे. पण घर शाकारायचे म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांनी घरे बांधायचे सोडले नाही.

आता जवळच्याच एका जागेचा विचार करू. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. तो बांधला सिंचनासाठी. पण नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, उथळ पाणी पसरले, बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या, आणि माणसाने न योजलेले एक पक्षितीर्थ तिथे उभे राहिले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. पाणथळ जागांच्या रक्षणाचा जो करार १९७१ मध्ये इराणातील रामसर येथे झाला, त्याच्या यादीत महाराष्ट्रातले पहिले स्थळ म्हणून त्याचे नाव जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १,४३७ हेक्टर. हिवाळ्यात तिथे चक्रवाक येतात, थापट्या बदके येतात. हळदीकुंकू बदके, चित्रबलाक, कमळपक्षी दिसतात. काळ्या अंगाचा आणि कपाळी पांढरा टिळा लावलेला एक पाणपक्षी थव्याने पोहत असतो. लोकांनी त्याचे नावच वारकरी ठेवले आहे.

असे स्थळ सर्वांसाठी खुले करायला फार काही लागत नाही. तिथे डोंगर नाही, कडा नाही. अडतो तो शेवटचा फर्लांग. पक्षी पाहण्याचा मनोरा म्हटला की जिना आला. त्याऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, जमिनीलगत एक कुडाचा आडोसा करावा आणि त्याला दोन उंचीच्या खिडक्या ठेवाव्यात: एक उभ्या माणसाच्या डोळ्यांशी, दुसरी खुर्चीतल्या माणसाच्या आणि मुलाच्या डोळ्यांशी. अंधांसाठी वाटेच्या कडेला हाताला लागणारा दोर किंवा कठडा असावा. पहाटेच्या पाणथळीवर कानांनी पाहण्यासारखे पुष्कळ असते. ठरावीक अंतरावर पाठ आणि हात टेकता येतील अशी बाके हवीत. दाराशी दुचाकी अडवण्यासाठी जे नागमोडी लोखंडी खांब लावतात, ते आधी खुर्चीला अडवतात; दुचाकीवाला बहुधा दुसरीकडून शिरतोच. आणि स्वच्छतागृह. ते नसले तर वाट कितीही सपाट असो, म्हातारी माणसे आणि स्त्रिया घरीच राहतील.

इथे एक धोक्याची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. ‘सर्वांसाठी’ या शब्दाची ढाल करून नदीकाठी सिमेंट ओतण्याची घाई अलीकडे पुष्कळ दिसते. पुण्यात मुळा-मुठेच्या सुमारे ४४ किलोमीटर काठाच्या सुधार प्रकल्पाचा पाया मार्च २०२२ मध्ये घातला गेला, आणि त्यावर झाडांच्या व पुराच्या निमित्ताने मोठा वाद झाला. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण तत्त्व स्पष्ट आहे. नदीला पावसाळ्यात पसरायला जागा लागते. आपल्या राज्यात पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतात, ती याचसाठी. निळ्या रेषेच्या आत मुरमाची वाट बुडाली तर पाणी ओसरल्यावर ती पुन्हा उभी करता येते. भिंत बांधली तर पाणी दुसऱ्याच्या घरात शिरते. अपंगांच्या नावावर पाणथळ बुजवणे म्हणजे त्यांना दार उघडून द्यायचे आणि आतले घर पाडून टाकायचे. ज्या पक्ष्यांसाठी वाट केली ते उडून गेले तर वाटेचा उपयोग काय? म्हणून वाट काठापासून थोडी दूर असावी, तिला मोजकेच फाटे पाण्यापर्यंत न्यावेत, आणि पक्ष्यांच्या विणीच्या काळात काही फाटे बंद राहावेत.

शेवटी, हे सारे मागायचे कोणाच्या आधारावर? दयेच्या नव्हे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. करमणुकीत आणि सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा, यासाठी उपाय योजण्याचे बंधन त्याने शासनावर घातले आहे. कायदा आहे, आता त्याची आठवण करून देणारे नागरिक पाहिजेत. आपण प्रत्येकाने आपल्या नगरपालिकेकडे एकच मागणी करावी: नदीकाठी एक किलोमीटर, फक्त एक किलोमीटर, अशी वाट द्या. ती आखताना चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला, अंध माणसाला आणि एखाद्या आजीबाईंना सोबत घ्या; त्या तिघांना जी वाट जमली ती गावाला जमली.

यात नदीचाही लाभ आहे. ज्या काठावर रोज माणसे चालतात, तिथे रात्री गुपचूप राडारोडा टाकणे अवघड होते, आणि पाण्याला वास येऊ लागला तर तो दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात पोचतो. गड चढण्याचा अभिमान आपण जरूर बाळगू. पण गावाची मोठाई, त्याचा सर्वांत धिमा माणूस नदीपर्यंत पोचतो की नाही, यावरूनही मोजायची असते. आपल्या गावाचे हे माप आज काय येईल, याचा विचार आपण सर्वांनी करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.