पेशी कोठे असतात?

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



सजीवांच्या शरीरात पेशी कोठे असतात, असे वर्गात विचारले की मुले एका सुरात सांगतात, "सर्वत्र." उत्तर खरे, पण फार मोघम. कांद्याच्या पापुद्र्यात पेशी भिंतीतल्या विटांप्रमाणे रचलेल्या असतात. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात पाहिली ती मृत पेशींची रिकामी घरे होती. आपले नख व केस यांचा बाहेर दिसणारा भागही मृत पेशींचाच. म्हणून तर ते कापताना दुखत नाही.

बहुतेक पेशी आपापल्या जागी राहतात. रक्तातील तांबड्या पेशी मात्र सदैव प्रवासात असतात. हाडांतील अस्थिमज्जेत त्या जन्मतात आणि रक्तात उतरण्यापूर्वी स्वतःचे केंद्रक टाकून देतात. प्राणवायू वाहणाऱ्या हीमोग्लोबिनला त्यामुळे अधिक जागा मिळते. मधोमध दबलेल्या चकतीसारखी ही लवचीक पेशी स्वतःहून अरुंद वाहिनीतूनही अंग चोरून जाते. तिचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे.

विदर्भात आणि नंदुरबार जिल्ह्यात अनेक कुटुंबांत आढळणारा सिकलसेल हा आजार याच पेशीचा. हीमोग्लोबिनच्या साखळीतील एका घटकाच्या जागी दुसरा येतो, बिघाड एवढाच. परंतु प्राणवायू सोडताच असे हीमोग्लोबिन तंतूंसारखे गोठते आणि पेशी विळ्यासारखी वाकून ताठर होते. सूक्ष्म वाहिन्यांत ती अडकते. जेथे अडकते तेथे, म्हणजे हाडांत, छातीत, पोटात, असह्य वेदना उठतात. मेंदूत अडकली तर पक्षाघातही होऊ शकतो. शिवाय ती दहावीस दिवसांतच नष्ट होते. अस्थिमज्जेला भरपाई झेपत नाही आणि मूल फिकट, थकलेले दिसते.

असे मूल वर्गात "आळशी" ठरते. त्याला वारंवार पाणी पिऊ द्यावे, लघवीस जाण्यास अडवू नये, थंडीत वा रणरणत्या उन्हात कवायतीस उभे करू नये. ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. उद्यावर ढकलू नये.

पंचायत सदस्यांनी वाहक व रुग्ण यांतील भेद नीट समजून घ्यावा. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष आला, तर व्यक्ती वाहक होते. ती बहुधा निरोगी आयुष्य जगते. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते. "पहिले आजारी निघाले, आता पुढची तिघे सुखरूप" हा हिशेब चुकीचा आहे. वाहकाचा विवाह असा वा तत्सम रक्तदोष नसलेल्या व्यक्तीशी झाला, तर सिकलसेलचा रुग्ण जन्मत नाही.

जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. प्राथमिक चाचणीस बोटातील थेंबभर रक्त पुरते, आणि दोष दिसल्यास पुढील तपासणीने खात्री करतात. तपासणीसाठी गाव गोळा करणे हे आपले काम. निकाल मात्र ज्याचा त्याला खाजगीत मिळावा. वाहकांची नावे ग्रामसभेत वाचली गेली, तर मुलींची ठरलेली लग्ने मोडतील आणि पुढच्या शिबिराला कोणी हात पुढे करणार नाही.