बर्फावरचा वेग आणि कमावलेले शरीर
(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त पालक व माजी विद्यार्थी यांच्या मेळाव्यात सादर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



युरोपातील आल्प्स पर्वताच्या कुशीत आणि उत्तरेकडील स्वीडन-नॉर्वेमध्ये मूल नीट धावू लागते न लागते तोच त्याच्या पायांना स्कीच्या पट्ट्या बांधल्या जातात. बर्फाच्छादित उतारावर रोवलेल्या काठ्यांमधून वळणे घेत, सर्वांत कमी वेळात पायथा गाठायचा, ही या खेळाची शर्यत. जागतिक पातळीवरील ‘डाउनहिल’ प्रकारात खेळाडूचा वेग ताशी 100 किलोमीटरच्याही पुढे जातो. या खेळात नाव काढू इच्छिणाऱ्या मुलांसाठी तेथे स्वतंत्र शाळा आहेत. ऑस्ट्रियातील टायरॉल प्रांतात स्टाम्स येथे 1967 साली अशी शाळा सुरू झाली. स्वीडनमध्येही स्कीची माध्यमिक विद्यालये आहेत. पुस्तकी शिक्षण आणि बर्फावरील सराव यांची सांगड तेथील वेळापत्रकातच घातलेली असते.

अशा शाळांपुढे एक जुना आणि कठीण प्रश्न उभा आहे. पंधरा ते एकोणीस या वयात, म्हणजे गुणवत्ता फुलू लागण्याच्या काळातच, अनेक मुलामुलींचा गुडघा निकामी होतो. स्वीडनच्या स्की विद्यालयांतील चारशेहून अधिक विद्यार्थ्यांची 2006 ते 2011 या काळात नोंद ठेवण्यात आली. त्यांतील जवळजवळ निम्म्या विद्यार्थ्यांना या काळात कधी ना कधी दुखापत झाली आणि या दुखापतींत गुडघ्याचा क्रमांक पहिला होता.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आतून बांधून ठेवणारा, दोरासारखा एक अस्थिबंध असतो. खेळाडूंच्या बोलण्यात तो ‘एसीएल’ या नावाने येतो. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघा भलत्या दिशेने पिळवटू न देणे, ही त्याची कामे. तो पूर्ण तुटला तर आपोआप पूर्ववत जुळून येण्याची आशा फारशी नसते. स्पर्धक खेळाडूवर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते आणि पुन्हा मैदानात उतरायला नऊ महिने ते वर्ष लागते. परतल्यावरही तोच किंवा दुसरा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो आणि सांधा अकाली झिजण्याची शक्यता वाढते. सोळाव्या वर्षी झालेली इजा चाळिशीतल्या चालण्यावर परिणाम करू शकते, ती अशी.

‘खेळ म्हटला की पडणे आले आणि पडणे आले की लागणे आले’, असे पूर्वी मानले जाई. नॉर्वेतील संशोधकांनी विश्वचषक स्पर्धांतील दुखापतींच्या चित्रफिती एकेका चौकटीने तपासल्या, तेव्हा वेगळेच सत्य समोर आले. गुडघ्याच्या बहुतांश दुखापती खेळाडू पडण्यापूर्वीच, तो अजून स्कीवर उभा असतानाच घडत होत्या. वळणात बाहेरच्या पायाची स्की क्षणभर बर्फावरची पकड गमावते. ती पकड परत मिळवण्यासाठी खेळाडू पाय लांबवतो. तेवढ्यात स्कीची आतली धार एकाएकी बर्फात रुतते आणि गुडघा आत ओढला जाऊन पिळवटतो. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते. पुढचे पडणे हा बहुधा त्याचा परिणाम असतो.

बूट आणि स्की यांना जोडणारी खटकी, जिला ‘बाइंडिंग’ म्हणतात, ती धोक्याच्या वेळी सुटावी अशी योजना असते. या सुधारणेमुळे नडगीचे हाड मोडण्याचे प्रमाण गेल्या काही दशकांत खूपच घटले. मात्र गुडघ्याच्या अस्थिबंधाला वाचवणे या खटकीला साधलेले नाही. स्कीचा आकार, तिची वक्रता, बर्फाची घडण यांवर नियम झाले, बदलले, पुन्हा झाले. ते आवश्यकच आहेत. तरीही त्या निसटत्या क्षणी गुडघ्याला सावरू शकणारी गोष्ट खेळाडूच्या आतच असते. ती म्हणजे त्याचे कमावलेले शरीर आणि त्या शरीराला लागलेले वळण.

हे केवळ सुभाषित नव्हे. ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या अभ्यासकांनी 1996 ते 2006 या दहा वर्षांत स्कीच्या निवासी शाळेतील 14 ते 19 वयोगटाच्या 370 खेळाडूंच्या शारीरिक चाचण्या आणि दुखापती यांचा मेळ घालून पाहिला. धडाची, म्हणजे पोट, पाठ आणि कंबर यांच्या स्नायूंची ताकद हा या दुखापतीशी निगडित असलेला एक कळीचा घटक ठरला. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा अधिक आढळली. गुडघा दुखावतो खरा. पण त्याला सांभाळणारे बळ कंबरेत आणि पोटात असते, ही गोष्ट जुन्या तालमीतल्या वस्तादांना मुळीच नवी वाटली नसती.

स्वीडनच्या विद्यालयांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. तेथील नोंदींत डावा पाय उजव्यापेक्षा अधिक वेळा दुखावल्याचे दिसले होते. म्हणून दोन्ही पायांवर सारखेच प्रभुत्व यावे, डावे आणि उजवे वळण एकाच सफाईने घेता यावे, या हेतूने एक व्यायामक्रम आखण्यात आला. त्यात घरात करायचे आणि बर्फावर करायचे असे दोन्ही प्रकारचे व्यायाम होते आणि खेळाडू व प्रशिक्षक यांना समजावून देणारी चित्रफीतही होती. हा क्रम राबवल्यानंतर एसीएलच्या दुखापतींचे प्रमाण आधीच्या तुकड्यांच्या मानाने सुमारे 45 टक्क्यांनी उतरले. ही तुलना आधीच्या वर्षांतील विद्यार्थ्यांशी असल्याने हा आकडा शेवटचा शब्द मानता येणार नाही; परंतु दिशा दाखवण्यास तो पुरेसा आहे. याच विद्यालयांतील आणखी एक निरीक्षण पालकांनी ध्यानात घ्यावे. ज्यांच्या आई किंवा वडिलांना पूर्वी अशी दुखापत झाली होती, त्या मुलांमध्ये तिचा धोका अधिक दिसून आला. घरातील हा इतिहास प्रशिक्षकाला आधीच सांगणे, हे पालकांच्या हातचे सोपे काम आहे.

प्रशिक्षण म्हणजे केवळ स्नायू नव्हेत, त्यात समजही येते. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या अभ्यासकांनी 1993-94 च्या हंगामात वीस स्कीकेंद्रांवरील सुरक्षा-पथकांना आणि शिक्षकांना गुडघा नेमका कसा दुखावतो, हे प्रत्यक्ष चित्रफिती दाखवून शिकवले. धोक्याची स्थिती ओळखणे, हात पुढे ठेवणे, तोल मागे गेल्यास उगाच झगडत न राहणे, अशा गोष्टी त्यांना समजावल्या. त्या हंगामात या प्रशिक्षित मंडळींच्या गुडघ्याच्या गंभीर दुखापती आधीच्या दोन हंगामांच्या तुलनेत 62 टक्क्यांनी घटल्या. हे शिक्षण न मिळालेल्या केंद्रांवर तशी घट झाली नाही. ही मंडळी प्रौढ होती, हे खरे. पण डोळसपणा शिकवता येतो आणि तो शरीरात उतरतो, एवढे यातून निश्चित दिसते.

तरुण खेळाडूची तयारी म्हणून बर्फ पडण्याच्या कितीतरी आधी, उन्हाळ्यातच सुरू होते. दोन पायांवरच्या आणि मग एका पायावरच्या बैठका. त्या करताना गुडघा आत न झुकता पावलाच्या रेषेत राहतो की नाही, यावर प्रशिक्षकाची नजर. उडी मारून अलगद, गुडघे वाकवून, आवाज न करता जमिनीवर उतरणे. डावी-उजवीकडे एका पायाने उड्या. मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, कारण नडगी पुढे सरकू लागली की तिला मागे खेचणारे तेच. कोपर आणि पायाची बोटे यांवर देह ताठ तोलून धरणे. हे सारे दिसायला साधे, करायला कंटाळवाणे आणि टाळायला सोपे आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा, महिनोन्‌महिने, न चुकता केले तरच त्याचे फळ मिळते. पदक देणाऱ्या शर्यतीत टाळ्या पडतात. या व्यायामांना प्रेक्षक नसतो.

वाढीचे वय हा आणखी एक नाजूक भाग. मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये साधारण चौदाव्या वर्षाच्या सुमारास उंची झपाट्याने वाढते. हाडे लांबतात, त्यांना सावरणारे स्नायू आणि तोल यांचा मेळ मागाहून बसतो. काल सफाईने वळणारे मूल आज अडखळते. त्यातच स्पर्धेचे गट जन्मवर्षानुसार पडतात. जानेवारीत जन्मलेला थोराड मुलगा आणि डिसेंबरात जन्मलेला किरकोळ मुलगा एकाच गटात, एकाच उतारावर उतरतात. अशा वेळी सर्वांना एकाच मापाचा सराव देणे म्हणजे एकाच मापाचे बूट सर्वांच्या पायांत कोंबणे होय. जाणते प्रशिक्षक या काळात वजनाचे ओझे आणि शर्यती कमी करतात आणि तंत्रावर भर देतात. शर्यतींपेक्षा सरावाला मोठे स्थान देऊन वाढलेली खेळाडू म्हणून अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनचे नाव घेतले जाते. 2014 साली, वयाच्या अठराव्या वर्षी तिने सोची येथे ‘स्लॅलम’मध्ये ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये विश्वचषकातील विजयांची शंभरी गाठली. दुखापती तिलाही चुकल्या नाहीत. परंतु पाया पक्का करायला दिलेला काळ वाया जात नाही, याची ती साक्ष आहे.

थकवा हा गुडघ्याचा छुपा वैरी आहे. विश्वचषकातील दुखापतींच्या एका पाहणीत जवळजवळ निम्म्या दुखापती शर्यतीच्या अखेरच्या चौथ्या हिश्श्यात झाल्याचे दिसले. दमलेला स्नायू उशिरा जागा होतो आणि तेवढा उशीर पुरेसा असतो. सायंकाळी, उजेड मंदावलेला आणि बर्फ खडबडीत झालेला असताना घेतलेल्या ‘आणखी एकाच फेरी’ला नकार देण्याचे धैर्य प्रशिक्षकापाशी हवे. तो नकार ऐकून रुसलेल्या मुलाची बाजू न घेण्याचे धैर्य पालकांपाशी हवे.

दुखापत झाल्यानंतर तर या संयमाची खरी परीक्षा असते. अमेरिकेची विख्यात खेळाडू लिंडसे व्हॉन हिचा गुडघा फेब्रुवारी 2013 मध्ये ऑस्ट्रियातील श्लाडमिंग येथे जायबंदी झाला. त्याच वर्षाअखेर तोच गुडघा पुन्हा दुखावला आणि 2014 चे ऑलिम्पिक तिला हुकले. नंतर तिने पुनरागमन केले आणि 2018 मध्ये ऑलिम्पिक कांस्यपदकही जिंकले. तिच्या पाठीशी उत्तम वैद्यक होते आणि तिचे शरीर परिपक्व होते. शाळकरी मुलापाशी यांतले बरेचसे नसते. म्हणून ‘पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे’ हे परतण्याचे कारण होऊ शकत नाही. दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी झाली आहे, उडी मारून एका पायावर निर्धास्त उतरता येते आहे, मनातली धास्ती ओसरली आहे, ही परतण्याची कारणे.

एवढे करूनही दुखापत पूर्णपणे टळेल, असे वचन कोणी देऊ शकत नाही. बर्फ दगा देतो, दृष्टी चुकते. प्रशिक्षणाने धोका कमी होतो, संपत नाही. आणि कमी झालेला धोका म्हणजे एखाद्या मुलीचे मोडण्यावाचून राहिलेले स्वप्न असते.

भारतातही काश्मीरमधील गुलमर्ग आणि उत्तराखंडातील औली येथे हा खेळ रुजतो आहे. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव प्रतिनिधी होता काश्मीरचा आरिफ खान. येथे बर्फाचा हंगाम थोडका, म्हणून बर्फाबाहेरच्या तयारीचे मोल अधिकच. ज्या मुलांच्या वाट्याला बर्फ कधी येणार नाही, त्यांचेही गुडघे याच नियमाने बांधलेले आहेत. खो-खोत खुंटाला वळसा घालताना, कबड्डीत पकडीतून निसटताना, पायाला तोच पीळ बसतो. एका पायावरची नीट घातलेली बैठक आणि अलगद उतरलेली उडी शिकवायला पर्वत लागत नाही, शाळेचे अंगण पुरते.

मूल स्पर्धेहून घरी आले की ‘कितवा आलास?’ हा प्रश्न ठरलेला असतो. त्याच्या आधी ‘कुठे दुखते आहे का?’ हे विचारले गेले आणि मुलाला त्याचे खरे उत्तर देण्याची भीती वाटली नाही, तर निम्मे प्रशिक्षण घरातच झाले असे समजावे.