दोन मिनिटांनी हात बदला



माणूस अचानक कोसळलं, हाक मारून, खांदे हलवून ओ देत नाही, श्वास थांबलाय किंवा नुसते आचके येताहेत, तर छाती दाबायची, हे तुम्ही ऐकलेलं असेल. आज बोलू या दाबणाऱ्या बाईबद्दल. कारण ती दमली, की समोरच्याच्या मेंदूला पोचणारं रक्त कमी होतं.

मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटीमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा. कांडणाइतकंच कष्टाचं काम. १९९५ साली अमेरिकेत दवाखान्यात काम करणाऱ्या माणसांवरच हे तपासलं होतं. पहिल्या मिनिटात शंभरातले नव्वदहून जास्त दाब बरोबर पडले. तिसऱ्या मिनिटाला चाळीसच्या आसपास, पाचव्याला वीसच्याही खाली. आणि मेख अशी, की दमणाऱ्याला ते बऱ्याचदा कळतच नाही. हात चालू असतो, मोजणं चालू असतं, दाब मात्र वरवरचा. म्हणून "मला जमतंय गं अजून" हे ऐकायचं नाही. दोन मिनिटं झाली, की दुसरीने बसायचं.

आपण रोज चढउतार करणाऱ्या, लावणी करणाऱ्या बायका. या काटकपणाचा उपयोग होतोच, धाप उशिरा लागते. पण अंगाने किरकोळ बाई लवकर थकते. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. अशा बाईला धाप लवकर लागणारच. तेव्हा हातांच्या जोरावर जाऊ नका. माणसाला खाटेवरून खाली, जमिनीवर घ्या. पदर खोचा, अगदी जवळ गुडघ्यांवर बसा. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा, कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर, आणि कमरेतून सगळं वजन टाका. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दमलेली बाई नकळत रेलून राहते, मग हृदयात रक्त भरत नाही.

मोजायचं कसं? शंभरपर्यंत मोजायला जाल तर एकोणचाळीस, एकोणपन्नासला जीभ अडखळते आणि हातही. एक ते दहा मोजा, पुन्हा एक ते दहा. शेजारणीने दर दहाला एक बोट मोजावं. वीस दहा झाले, की साधारण दोन मिनिटं. पुढची बाई समोरच्या बाजूला आधीच गुडघ्यांवर बसलेली हवी. पहिलीने हात उचलला, की हिचा पडला. मध्ये पाच सेकंदांपेक्षा जास्त खंड नको.

बुडालेल्या माणसाला आणि लहान मुलांना तोंडाने श्वासही द्यावा लागतो. ते प्रशिक्षणातच शिकायचं.

आपल्या वाड्या विखुरलेल्या, पाखाडीच्या टोकाला घर, तिथवर गाडी येत नाही. १०८ ला फोन सगळ्यात आधी, पण रुग्णवाहिका देवरूखहून निघाली तरी वेळ लागणारच. तेवढा वेळ एकटीने निभणं कठीण. तीन-चार जणी हव्यात, म्हणून आधी मोठ्याने हाका मारा. तरणे पुरुष मुंबईला असतात, तेव्हा शेजारणीच लागणार. गुडघे दुखणाऱ्या आजीने फोन लावावा, बोटं मोजावीत.

गटाच्या पुढच्या सभेत घट्ट गुंडाळलेल्या गोधडीवर दोन-दोन मिनिटं करून बघा. कोण कोणानंतर बसणार, ते तिथेच ठरवा. आणि रात्रीच्या वेळी साकवापाशी बॅटरी घेऊन कोण उभं राहणार, तेही.