शास्त्रज्ञ बाईची संघटना कशी असावी?

(जळगाव-धुळ्यातील महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी नेहमी पोटगी, रेशन, दारू यांवर बोलते. आज एका रसायनशास्त्रज्ञ बाईबद्दल बोलणार आहे.

कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. १९३३ साली मुंबईत बी.एस्सी. होऊन त्या बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, गेल्या. वडील आणि काका तिथेच शिकलेले. पण संचालक सी. व्ही. रामन यांनी ‘मुलगी’ म्हणून प्रवेश नाकारला. नोबेल मिळालेला माणूस! कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचं, आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेचं वातावरण बिघडता कामा नये. वातावरण पुरुषही बिघडवू शकतात, हे कुणाच्या डोक्यात आलं नसावं! वर्षभर काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढे तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ मध्ये कमलाबाई केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. नंतर त्यांनी कडधान्यांतली प्रथिनं आणि नीरा यांवर काम केलं. गरिबाच्या ताटातलं रसायनशास्त्र म्हणा ना!

एक बाई हट्टानं दार उघडते, ठीक आहे. पण दर वेळी तेवढ्या हट्टाची बाई कुठून आणायची? म्हणून संघटना लागते. आपल्याकडे वैज्ञानिक संघटना म्हटली की परिषद, शोधनिबंध, शाल-श्रीफळ. मुंबईत १९७३ साली महिला वैज्ञानिकांनी आपली संघटना काढली. वाशीच्या तिच्या वास्तूत नोकरदार बायकांचं वसतिगृह आहे, पाळणाघर आहे. काहींना हे समाजकार्य वाटतं. मला विचाराल तर, मूल कुठं ठेवायचं हे सुटल्याशिवाय बाई प्रयोगशाळेत टिकतच नाही.

स्वतः कमलाबाई वेगळ्याच ठिकाणी रमल्या. १९६६ साली नऊ बायकांनी मुंबईत ग्राहकांसाठी ‘कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी’ स्थापन केली होती. तिच्यात त्या सक्रिय होत्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्षही होत्या. तिच्या ‘कीमत’ या मासिकात त्या लिहीत.

आता आपलं खानदेश पाहा. जळगावचं विद्यापीठ १९९० चं, २०१८ पासून बहिणाबाईंच्या नावाचं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुली मला गावोगाव भेटतात. कुणी तासिका तत्त्वावर शिकवते, कुणाचं लग्न होऊन सगळं थांबलेलं. त्याच गावात आपले बचत गट मसाला कुटतात, पापड लाटतात. मिरचीपूड पाण्यात टाकली की विटेचा भुगा तळाशी बसतो, हे बायांना ठाऊक आहे. पण डाळ हलवलेल्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर गुलाबी रंग आला, तर मेटॅनिल यलो या बंदी असलेल्या रंगाचा संशय घ्यायचा, हे कोण दाखवणार? आम्ल हाताळायला शिकलेली बाईच हवी.

म्हणून या मुलींचं एक मंडळ जळगाव-धुळ्यात निघावं, असं मला वाटतं. त्यांनी आपले नमुने तपासावेत. आपण फुकट मागायचं नाही, गटानं थोडी फी द्यायची. आणि प्रयोगशाळेत मार्गदर्शक त्रास देत असेल, तर तिच्यासोबत तक्रार समितीपर्यंत आपण जायचं. बैठक दुपारी दोन ते चार ठेवू, म्हणजे साक्री, चोपड्याच्या बाया दिवसाउजेडी परततील. मुलं सांभाळायला दोघी हव्यात. त्यांची नावं आजच द्या.