स्ट्रीक तुटते तेव्हा

तुमच्या फोनवर एखादी स्ट्रीक चालू असेलच. भाषा शिकायच्या अ‍ॅपवर, स्नॅपवर, नाहीतर रोजच्या पावलांची. रात्री पावणेबाराला आठवतं आणि मग धावपळ! आज अशा खेळाबद्दल बोलू, जिथे स्ट्रीकला अक्षरशः देव्हाऱ्यात ठेवतात. अमेरिकेतलं बेसबॉल. तीन स्ट्रीक, आणि त्या कशा संपल्या.

पहिली जो डिमॅजिओची. साल १९४१, संघ न्यूयॉर्क यांकीज. १५ मेपासून सलग ५६ सामन्यांत त्याने प्रत्येक वेळी एक तरी हिट मिळवला. हिट म्हणजे समोरच्यांची चूक नसताना, स्वतःच्या फटक्यावर बेस गाठणं. हे किती अवघड? दहात तीनदा हिट मिळवणारा फलंदाजसुद्धा इथे चांगला समजतात. आपण साडेतीन धरू. सामन्यात चार संधी मिळाल्या, तर निदान एक हिट मिळायची शक्यता येते साधारण ८२ टक्के. छान वाटतं ना? आता ती ५६ वेळा गुणा. उत्तर येतं साठ हजारांत एक!

१७ जुलैला क्लीव्हलँडमध्ये ६७ हजारांहून जास्त लोक बघत होते. थर्ड बेसवरच्या केन केल्टनरने त्याचे दोन सणसणीत फटके अडवून त्याला बाद केलं. शेवटच्या संधीत चेंडू गेला शॉर्टस्टॉपकडे. डबल प्ले. खेळ खलास. डिमॅजिओचं काय चुकलं? काहीच नाही. आणि पुढच्या सामन्यात? पुन्हा हिट. मग सलग १६ सामने हिट. म्हणजे ७३ सामन्यांपैकी ७२!

दुसरी लू गेरिगची. संघ तोच. १९२५ ते १९३९, सलग २,१३० सामने, एकही न चुकवता. पण पस्तिशीत अंगातली ताकदच जायला लागली. साधे चेंडू जमेनात. २ मे १९३९ला डेट्रॉइटमध्ये त्याने स्वतः मॅनेजरला सांगितलं, आज मला बाहेर ठेवा. पुढे निदान झालं ए.एल.एस.चं. स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार. ४ जुलैला यांकी स्टेडियमवर निरोप घेताना तो म्हणाला, की मी स्वतःला नशीबवान समजतो. २ जून १९४१ला तो गेला. डिमॅजिओची स्ट्रीक तेव्हा चालूच होती.

तिसरी कॅल रिपकेनची, बॉल्टिमोर ओरिओल्सची. १९९४ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सिरीजच रद्द झाली होती. चाहते वैतागले होते. अशात ६ सप्टेंबर १९९५ला रिपकेन २,१३१वा सलग सामना खेळला आणि गेरिगला मागे टाकलं. खेळ थांबला आणि सुमारे २२ मिनिटं टाळ्या वाजत राहिल्या. तो मैदानाला फेरी मारत लोकांशी हात मिळवत होता. मग २० सप्टेंबर १९९८. २,६३२ सामने झाले होते. कुठली मोठी दुखापत नाही, कुणाची सक्ती नाही. त्याने आपणहून सांगितलं, आज मी खेळत नाही. कळल्यावर समोरचा यांकीज संघ डगआउटच्या पायऱ्यांवर उभा राहून टाळ्या वाजवू लागला.

बघा, एक स्ट्रीक समोरच्याच्या चपळाईने गेली, दुसरी शरीराने हिरावली, तिसरी मालकानेच खाली ठेवली. तिघांपैकी कुणाचीच किंमत त्या दिवशी शून्य झाली नाही. आपलं अ‍ॅप मात्र एक दिवस चुकला की मोठ्ठा शून्य दाखवतं. ते त्याचं काम आहे, तुम्ही परत यावं म्हणून. पण वर्षभरात शिकलेले शब्द एका रात्रीत पुसले जात नाहीत.

म्हणून तुटली तर रडत बसू नका. आजारी असाल तर झोपा. आणि दुसऱ्या दिवशी, डिमॅजिओसारखं, पुन्हा मैदानात या. ७३ पैकी ७२ हा आकडाही काही वाईट नाही!

तुमची सगळ्यात मोठी स्ट्रीक कुठली, आणि ती कशी संपली? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.