वेळापत्रकातल्या त्या सात तासिका

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'शाळा आणि मुलांचा सर्वांगीण विकास' असा विषय दिला आहे. विषय भारदस्त आहे आणि दुपारच्या जेवणाची वेळ जवळ आली आहे, त्यामुळे व्याख्येच्या वाटेला मी जात नाही. 'सर्वांगीण विकास' हे शब्द प्रत्येक शाळेच्या माहितीपत्रकात असतात. पण शाळेला खरोखर काय महत्त्वाचं वाटतं ते समजून घ्यायचं असेल तर वेळापत्रक बघावं. मी आज आपल्या वेळापत्रकाबद्दलच बोलणार आहे.

आपल्या वेळी सोमवार ते शुक्रवार रोज आठ तासिका आणि शनिवारी सकाळी पाच, अशा आठवड्याला ४५ तासिका होत्या. त्यांपैकी चित्रकलेच्या दोन, शारीरिक शिक्षणाच्या तीन आणि कार्यानुभवाच्या दोन. म्हणजे ४५ पैकी सात. उरलेल्या ३८ तासिकांनी आपल्याला दहावी पास केलं, नोकरी-धंद्याला लावलं. त्या ३८ तासिकांचे उपकार मी विसरलेली नाही. गणिताच्या बाई समोरच बसल्या आहेत, विसरण्याची हिंमतही नाही. पण आज बोलायचं आहे ते सात तासिकांबद्दल.

कार्यानुभवात आपण खडू करायचो. आठवतंय? साच्याला आतून तेलाचा हात लावायचा, प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये पाणी घालून भराभर ढवळायचं आणि ओतायचं. पाणी जास्त झालं तर खडू ठिसूळ. गप्पा मारत बसलं तर सगळं मिश्रण भांड्यातच घट्ट. मग ते भांडं खरवडायची पाळी. आणि खरी परीक्षा पुढच्या आठवड्यात. बाई आपलाच खडू घेऊन फळ्यावर लिहायच्या. उमटला तर उमटला, तुटला तर तुटला. त्यात कुणी लाल शाईने शेरा मारायची गरज नव्हती. काम बरोबर झालं की चुकलं हे कामच सांगायचं.

मी गेली वीसहून जास्त वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते. तिथे रोज हेच चालतं. प्रोग्रॅम चालत नाही, तो का चालत नाही हे शोधायचं असतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय फरक पडला ते बघायचं, मग दुसरी. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुलांमध्ये मला एक फरक दिसतो. ज्यांनी लहानपणी सायकलची चेन बसवली आहे, मिक्सर उघडून पाहिला आहे, शेतातली मोटर दुरुस्त होताना जवळ उभं राहून बघितलं आहे, ती मुलं अडली की घाबरत नाहीत. बाकीची मुलंही तितकीच हुशार असतात, पण अडली की उत्तर कुठे छापलेलं आहे ते आधी शोधतात. हा माझा अनुभव आहे, शास्त्रीय निष्कर्ष म्हणून सांगत नाही.

पण मला इथे थांबायचं नाही. 'कार्यानुभव केला तर पुढे नोकरीत उपयोग होतो' एवढंच म्हटलं, तर आपण त्या सात तासिकांनाही ३८ तासिकांच्याच मापाने मोजतो.

आपल्या वर्गात एक मित्र होता. आज तो इथेच बसला आहे. नाव घेतलं तर रागावेल, म्हणून घेत नाही. इंग्रजीत आणि गणितात तो कायम काठावर. प्रगतिपुस्तक घेताना मान खाली. पण लेझीमच्या सरावाला हलगी त्याच्या गळ्यात असायची. सर म्हणायचे, "याच्याकडे बघा आणि पावलं टाका." पहिल्या पाचात येणारे आम्ही सगळे त्याच्या मागे उभे राहून त्याच्याकडून शिकायचो, चुकायचो, आणि तो हसून परत ठेका धरायचा. तो पुढे वादक झाला नाही. त्याचं दुकान आहे, उत्तम चालतं. त्या हलगीचा त्याच्या धंद्याला काही उपयोग झाला असेल असं वाटत नाही. पण तेरा वर्षांच्या मुलाला आठवड्यातून तीनदा सगळ्या वर्गाने 'हा आपल्यापेक्षा सरस आहे' अशा नजरेनं बघणं, ही काय लहान गोष्ट आहे? ती नजर मिळाली नसती तर तो आठवीनंतर शाळेत टिकला असता का, हे त्याचं त्यालाच विचारा.

मुलाकडे सगळ्या बाजूंनी बघायचं म्हणजे माझ्या मते एवढंच. प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा तरी असा तास मिळावा, जिथे तो मागे नसतो.

सगळं छान होतं असंही नाही. मुलींना शिवण-भरतकाम आणि मुलांना सुतारकाम अशी वाटणी होती. करवत हातात धरायला मला आवडली असती, ती मिळाली नाही. आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाला बटण लावता येत नव्हतं, ते त्यालाही कुणी शिकवलं नाही. प्रदर्शनाला बाजारातून विकत आणलेल्या वस्तू मांडणारेही आपल्यात होते. परीक्षा जवळ आली की या तासिका गणिताला जायच्या. तरी त्या वेळापत्रकात होत्या आणि त्यांना शिकवणारं माणूस होतं.

आज काय स्थिती आहे ते सकाळी मुख्याध्यापिका बाईंशी बोलताना कळलं. चित्रकलेचे सर निवृत्त झाल्यापासून ती जागा रिकामी आहे. ज्यांची तासिका मोकळी असेल ते शिक्षक त्या वर्गावर जातात. कार्यानुभवाच्या खोलीत जुने बाक रचून ठेवले आहेत. यात बाईंचा किंवा आताच्या शिक्षकांचा दोष नाही. ते मिळेल त्या माणसांत शाळा चालवताहेत.

आपल्याकडे विचारांची उणीव कधीच नव्हती. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण, म्हणजे पुढे ज्याला आपण नई तालीम म्हणू लागलो, ते मांडलं. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा असं सांगितलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत तर स्पष्ट लिहिलं आहे: सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून जास्त मुलं असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असले पाहिजेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या काळात दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी गावातल्या सुताराकडे, कुंभाराकडे, माळ्याकडे, कलावंताकडे जाऊन शिकायचं. कागदावर सगळं आहे. अडतं ते दोनच ठिकाणी: तासिका आणि ती घेणारं माणूस.

हे जमतं का? जमतं. पुणे जिल्ह्यात पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. परदेशात जाऊन डॉक्टरेट मिळवलेला, मोठ्या कंपनीत काम केलेला हा माणूस दुष्काळी भागातल्या खेड्यात जाऊन राहिला. तिथे घडलेला 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' हा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या मुलांसाठी अनेक शाळांत चालवला गेला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम. त्यात वेल्डिंग-सुतारकाम येतं, वीज आणि ऊर्जा येते, शेती-पशुपालन येतं, स्वयंपाक-आरोग्यही येतं. मुलगे आणि मुली सगळी कामं करतात. शिकवायला बऱ्याचदा गावातलेच कसबी लोक येतात. मुलं केलेल्या कामाचा खर्च काढतात, वहीत नोंद ठेवतात, आणि गणित त्यातच येतं.

आता माझ्या खऱ्या मुद्द्यावर येते. जेवणानंतर आपली बैठक आहे. आपल्या तुकडीने जमवलेल्या निधीचं काय करायचं ते ठरवायचं आहे. संगणक कक्षाचा प्रस्ताव आहे, आणि मी त्या क्षेत्रातली म्हणून मी त्याची शिफारस करावी अशी अपेक्षा आहे. संगणकाला माझा विरोध नाही. त्याच्यावरच माझं घर चालतं. पण संगणक पाच-सहा वर्षांत जुने होतात, आणि शिकवणारं माणूस नसेल तर त्या खोलीलाही कुलूप लागतं. असे कक्ष मी पाहिले आहेत.

माझी सूचना अशी. निधीचे दोन भाग करू. एका भागातून मोजकेच संगणक घेऊ. दुसऱ्या भागातून तीन वर्षांसाठी चित्रकला आणि कार्यानुभव शिकवणाऱ्या दोन व्यक्तींचं मानधन देऊ, कार्यानुभवाची खोली रिकामी करून हत्यारं आणि साहित्य आणू. संस्थेची आणि बाईंची संमती असेल तरच. आणि तीन अटी घालू: त्या तासिका परीक्षेच्या नावाखाली कुणी घेणार नाही, मुलगे-मुली अशी कामाची वाटणी होणार नाही, आणि त्या कामाला गुण देऊन क्रमांक काढला जाणार नाही.

पैशाइतकंच माणसांचं बळही आपल्याकडे आहे. या सभागृहात वीज-फिटिंग करणारे आहेत, द्राक्षबाग सांभाळणारे आहेत, शिवणकामावर घर उभं केलेल्या मैत्रिणी आहेत, परिचारिका आहेत. वर्षातून दोन दिवस प्रत्येकाने दिले तरी वेळापत्रक भरेल. मी दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी दोन-दोन दिवस येईन. जुने संगणक मुलांकडून उघडून घेईन आणि परत जोडायला लावीन. आणि हलगीवाल्या मित्राने शनिवारची शेवटची तासिका घ्यावी, ही त्याला जाहीर विनंती. दुकान तासभर बंद राहिलं तरी चालेल.

बैठक अडीचला वाचनालयात आहे. शिक्षकांनीही यावं, कारण काय जमेल आणि काय नाही ते आमच्यापेक्षा आपल्यालाच जास्त ठाऊक आहे.